व्हॅलेटा बघायचंय? मग आधी समोरच्या बिर्गूला जा

माल्टात नवीन आलेली आपली माणसं पहिल्या सुट्टीला हमखास काय करतात, तर बस पकडतात, राजधानी व्हॅलेटाला उतरतात, गेटमधून आत शिरून रिपब्लिक स्ट्रीटने सरळ चालत सुटतात, दोन चर्च बघतात, बागेत फोटो काढतात आणि संध्याकाळी घरी फोन करून सांगतात की छान आहे पण सगळं सारखंच दिसतं, जिकडे बघावं तिकडे पिवळा दगड. मीपण चार वर्षांपूर्वी अगदी हेच केलं होतं. त्यात रविवारी गेले होते, त्यामुळे सेंट जॉन्स, म्हणजे जे बघायला सगळं जग येतं ते चर्च, प्रार्थनेसाठी उघडं आणि पर्यटकांना बंद.

मी इथे वयस्कर लोकांच्या एका केअर होममध्ये काम करते. तिथल्या एका आजोबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले की तू चुकीच्या टोकाने सुरुवात केलीस पोरी, आधी बिर्गूला जा. ते मूळचे बिर्गूचे, त्यामुळे मला वाटलं आपल्या गावाचा अभिमान असेल. पण पुढच्या सुट्टीला गेले आणि पटलंच. व्हॅलेटा हे शहर का बांधलं याचं कारण बंदराच्या पलीकडच्या काठावर, बिर्गूत आहे. ते कारण बघून, होडीने पाणी ओलांडून व्हॅलेटात आलात तर प्रत्येक भिंत काहीतरी सांगायला लागते. म्हणून आता मी भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला याच क्रमाने फिरवते, गेल्या वर्षी दादा-वहिनी आले त्यांनाही असंच नेलं, आणि तोच क्रम इथे लिहिते आहे. दोन दिवस हवेत. एकच असेल तर काय करायचं ते शेवटी सांगते.

निघायच्या आधी

जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो नकोच. ऊन आपल्याला सवयीचं आहे असं वाटतं पण इथे सावली देणारं झाड नाही, पिवळा दगड तापतो आणि डोळ्यावर चमकतो, वर दक्षिणेकडून दमट वारा सुटला की जीव नकोसा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे उत्तम. पायात रबरी तळाचे चांगले बूट हवेत, कारण व्हॅलेटाचे बरेच रस्ते म्हणजे सरळ पायऱ्या आहेत आणि वर्षानुवर्षं पाय पडून दगड गुळगुळीत झालाय, पाऊस पडला की घसरतात. बायकांनी उंच टोकदार टाचांच्या चपला अजिबात घालू नयेत, सेंट जॉन्समध्ये संगमरवरी फरशी खराब होते म्हणून त्या घालून आत सोडतच नाहीत. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे हवेत, नाहीतर सोबत एक ओढणी ठेवा, तेवढ्याने काम होतं.

वार कुठला ते नीट बघा. रविवारचा माझा अनुभव सांगितलाच. आणि बरीच सरकारी स्मारकं एकाच पासवर बघता येतात, तो पास पहिल्याच ठिकाणी काउंटरवर विचारा, तीन-चार जागा बघणार असाल तर सुटी तिकिटं काढण्यापेक्षा परवडतो. सेंट जॉन्सचं तिकीट मात्र वेगळं.

अजून एक गोष्ट, जी माल्टात राहणाऱ्यांनाही उशिरा कळते. बिर्गूच्या जवळ पाओला नावाच्या गावात जमिनीखाली कोरलेलं हाल सॅफ्लिएनी हायपोजियम आहे, पाच हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी, आत दिवसाला अगदी मोजकी माणसं सोडतात. त्याचं बुकिंग कित्येक आठवडे, कधी महिने आधी करावं लागतं. विमानाचं तिकीट काढलं त्याच दिवशी ते करून टाका. नाही मिळालं तर हळहळू नका, तिथे सापडलेली झोपलेल्या बाईची छोटीशी मातीची मूर्ती व्हॅलेटातच रिपब्लिक स्ट्रीटवरच्या पुराणवस्तू संग्रहालयात आहे, तळहातावर मावेल एवढी, आणि ती बघायला पाच मिनिटं उभं राहिलात तरी जाणं सार्थकी लागतं.

पहिला दिवस, सकाळ: बिर्गू

व्हॅलेटाच्या गेटबाहेर तीन काशाच्या पुतळ्यांनी थाळी तोललेलं मोठं कारंजं आहे ना, त्याच्या आसपास सगळ्या बस लागतात. तिथून बिर्गूची बस घ्या, गेटमधून आत जायचा मोह आवरा. कागदोपत्री गावाचं नाव व्हित्तोरिओसा आहे, म्हणजे विजयी, पण लोक बिर्गूच म्हणतात. शेजारची दोन गावं बोर्मला आणि इस्ला, नकाशावर ती कोस्पिकुआ आणि सेंग्लिया अशी दिसतील, गोंधळू नका.

आता थोडी गोष्ट, तिच्याशिवाय पुढचं काहीच लागत नाही. सेंट जॉनचे नाईट म्हणजे धर्मयुद्धाच्या काळातली लढवय्या संन्याशांची संघटना, रोग्यांची सेवा आणि लढाई दोन्ही करणारी. ऱ्होड्स बेट ऑटोमन तुर्कांनी घेतल्यावर हे लोक बेघर झाले, तेव्हा सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मध्ये त्यांना माल्टा दिलं, वर्षाला एक ससाणा एवढ्या भाड्यावर. व्हॅलेटा तेव्हा नव्हतंच, नुसता उघडा खडक होता. नाईट येऊन राहिले ते या बिर्गूत. आणि १५६५ च्या मे महिन्यात तुर्कांचं आरमार आलं, तीस हजारांच्या वर माणसं, आणि इकडे सगळे मिळून सहा ते नऊ हजार, त्यातले खरे नाईट फक्त ५००-६००, बाकी माल्टाचे साधे लोक आणि भाडोत्री सैनिक. वेढा चालला ८ सप्टेंबरपर्यंत. जवळजवळ चार महिने. त्यात हे गाव पडलं नाही.

मी मुरूडची, लहानपणापासून जंजिरा बघत मोठी झालेली, त्यामुळे पाण्यातला किल्ला म्हटलं की माझे डोळे आपोआप दरवाजा शोधतात. बिर्गूचा दरवाजा बघा, आपल्या गोमुखी दरवाजासारखाच डाव खेळलाय, सरळ आत जाताच येत नाही, एक दरवाजा, मग वळण, मग खंदकावरून दुसरा, मग परत वळण आणि तिसरा, म्हणजे आत घुसणाऱ्यावर वरून मारा करायला तीनदा संधी. ज्यांनी आपले दोन-चार गड केलेत त्यांना हे समजावून सांगायला गाईड लागत नाही. इथेच दुसऱ्या महायुद्धावरचं एक छोटं संग्रहालय आहे आणि खाली खडकात खोदलेला बाँबहल्ल्यातला निवारा, त्यात उतरा, लोक महिनोन्महिने कसे राहिले असतील ते तिथल्या ओलसर भिंती बघून कळतं.

आत गेलं की मुख्य रस्त्यावर इन्क्विझिटरचा वाडा लागतो आणि इथे कृपा करून घाई करू नका. धर्माविरुद्ध बोलणाऱ्यांची चौकशी करणारं हे न्यायासन, १५७४ पासून १७९८ पर्यंत इथे बसत होतं. इथे आलेल्या इन्क्विझिटरांपैकी दोघं पुढे पोप झाले. आपल्या मराठी-कोकणी माणसाला इन्क्विझिशन म्हटलं की गोवा आठवतो, १५६० ते १८१२, त्या धाकाने देव आणि कुटुंबं घेऊन कितीतरी घरं नदी ओलांडून पळाली. पण जुन्या गोव्यातला तो वाडा आज उभा नाही, तिथे जाऊन बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. हा इथला राहिलाय. दोन्ही न्यायासनं वेगळी, गोव्याचं पोर्तुगालच्या राजाचं आणि हे रोमचं, तरी चौकशीची खोली, आरोपीला वाकून आत यावं लागेल असा बुटका दरवाजा, तळातल्या कोठड्या आणि त्यांच्या भिंतींवर कैद्यांनी नखाने-खिळ्याने कोरलेल्या होड्या, क्रूस, हे सगळं बघताना आपल्या पूर्वजांपैकी कोण कोण अशाच खोलीत उभं राहिलं असेल हा विचार डोक्यातून जात नाही. वहिनीचं माहेर डिचोलीचं. ती त्या कोठडीतून बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

बाहेर आलात की दरवाजे-खिडक्यांना जिरेनियम लावलेल्या अरुंद गल्ल्यांमध्ये अर्धा तास उगाच फिरा. नाईटांची पहिली वसतिगृहं याच गल्ल्यांत होती, प्रत्येक भाषेच्या लोकांचं वेगळं. सेंट लॉरेन्स चर्चजवळच्या लहानशा प्रार्थनाघरात ला व्हॅलेटची टोपी आणि तलवार ठेवलीये. ला व्हॅलेट म्हणजे वेढ्याच्या वेळचा नाईटांचा प्रमुख, ग्रँडमास्टर, वय तेव्हा सत्तरच्या घरात. शहराला ज्याचं नाव आहे त्या माणसाची टोपी बिर्गूत आहे, हे मला फार आवडतं.

मग धक्क्याने चालत टोकाला जा, तिथे सेंट अँजेलो किल्ला. हाच वेढ्याचा मुख्य तळ. नंतर ब्रिटिश नौदलाचा झाला आणि ३१ मार्च १९७९ ला शेवटचे ब्रिटिश सैनिक माल्टातून गेले, त्याचं स्मारक वाटेत चर्चखाली धक्क्यावर दिसेल. किल्ल्याच्या अगदी वर चढा आणि बारा वाजायच्या दहा मिनिटं आधी व्हॅलेटाकडच्या कठड्याला उभे राहा. समोर पाणी, पलीकडे उंच तटबंदी, तिच्यावर कमानींची बाग, बागेखाली तोफांची रांग. बरोब्बर बाराला त्यातली एक उडते. आधी धुराचा पांढरा लोट दिसतो आणि आवाज दीड-दोन सेकंदांनी येऊन छातीवर आदळतो. बहुतेक लोक ही तोफ त्या बागेतून गर्दीत माना उंचावून बघतात. इथून बघितली की या बंदराचं अंतर कानाने मोजता येतं, आणि तुर्कांच्या तोफा याच अंतरावरून, समोरच्या उघड्या खडकावरून या किल्ल्यावर आग ओकत होत्या हे लगेच कळतं. म्हणूनच तर वेढा उठल्यावर पहिलं काम ठरलं की तो खडक आता मोकळा ठेवायचा नाही. २८ मार्च १५६६ ला पायाचा दगड बसला. ते व्हॅलेटा.

उजवीकडे समुद्राच्या तोंडाशी व्हॅलेटाचं टोक दिसतं, तिथे सेंट एल्मो किल्ला आहे. वेढ्यात पहिला तोच पडला, २३ जूनला, महिनाभर झुंजून. तो पडायला एवढा वेळ लागला म्हणून बिर्गू वाचलं असं इथले लोक मानतात. आपल्याकडे पावनखिंड म्हटल्यावर जे होतं ते इथे सेंट एल्मो म्हटल्यावर होतं. ते उद्या बघायचंय, आत्ता नुसतं डोळ्यात साठवा.

दुपार: पाण्यावरून पलीकडे

आता होडी. धक्क्यावर रंगीत, दोन्ही टोकांना उंच वळलेल्या लाकडी होड्या उभ्या असतात, त्यांना डायसा म्हणतात. थोड्या पैशात व्हॅलेटाला सोडतात, आधी भाडं विचारून घ्या आणि सुटे युरो जवळ ठेवा. वारा जास्त असेल किंवा सोबत वयस्कर माणसं असतील तर बोर्मलाच्या धक्क्यावरून मोठी फेरीबोट जाते तीही चांगली, पण डायसामध्ये तुम्ही पाण्याच्या अगदी जवळ बसता आणि तटबंदी हळूहळू डोक्यावर चढत जाते, तो अनुभव फेरीत येत नाही. बिर्गू आणि इस्ला यांच्यामधल्या ज्या खाडीतून तुम्ही निघता तिच्या तोंडावर वेढ्यात लोखंडी साखळी लावलेली होती, शत्रूची जहाजं आत येऊ नयेत म्हणून. आणि डावीकडे इस्लाच्या टोकावर एक छोटा दगडी टेहळणी मनोरा दिसेल, त्यावर डोळा आणि कान कोरलाय. बघतोय, ऐकतोय. सगळ्यांना दाखवा, लहान मुलांना तर फार आवडतं.

हे ग्रँड हार्बर. सुएझ कालवा १८६९ ला उघडला आणि मुंबईहून विलायतेला जाणारी जहाजं इथे कोळशासाठी थांबायला लागली. १८७८ मध्ये रशियाशी युद्ध पेटेल म्हणून ब्रिटिशांनी जवळजवळ ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी माल्टाला आणले होते, त्यात मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. युद्ध झालं नाही, काही आठवड्यांत ते पुढे सायप्रसला गेले. त्यातल्या कुणी घरी काय सांगितलं असेल कोण जाणे, पण याच पाण्यात त्यांची जहाजं उभी होती, आणि मी दर वेळी डायसात बसले की मला ते आठवतातच.

पलीकडे उतरल्यावर रस्ता ओलांडला की लिफ्ट आहे, ५८ मीटर, २०१२ ला सुरू झालेली. पायऱ्या चढायच्या भानगडीत पडू नका, उन्हात दम निघतो. लिफ्ट थेट अप्पर बराक्का बागेत सोडते, म्हणजे सकाळी जिथे धूर दिसला तिथे. आता कठड्यावरून मागे बघा, आत्ता जिथे उभे होतात ते बिर्गू, सेंट अँजेलो, इस्लाचा मनोरा, सगळं हातावर मांडल्यासारखं दिसेल आणि प्रत्येक गोष्टीचं नाव तुम्हाला माहीत असेल. तोफ परत चार वाजता उडते, इथेच असाल तर जवळून बघा.

भूक लागलेली असणार. बागेबाहेर पडलं की पास्तीत्सी मिळतात, खारी बिस्किटासारखे पापुद्रे आणि आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण, वाटाण्याचं आपल्या जिभेला लगेच ओळखीचं वाटतं. शाकाहारी असाल तर एक मात्र विचारून घ्या, पारंपरिक पद्धतीत त्या पिठात डुकराची चरबी घालतात, काही ठिकाणी वनस्पती तूप वापरतात. ब्रेडला टोमॅटो चोळून देतात त्यातही बहुतेक वेळा टुना मासा असतो. आणि एखाद्या साध्या, म्हाताऱ्या लोकांच्या अड्ड्यावर चहा मागा. काचेच्या ग्लासात, घट्ट दूध घातलेला, गोड. दादा म्हणाला की इतक्या लांब येऊन कटिंग मिळेल असं वाटलं नव्हतं.

भाषेबद्दल एक सांगते. माल्टी भाषा लिहितात रोमन लिपीत पण आहे अरबीच्या घराण्यातली, त्यामुळे कानाला मध्येच ओळखीचे शब्द लागतात. जगाला ते दिन्या म्हणतात, आपली दुनिया. सैतानाला शितान. पुस्तकाला क्तीब, किताब. व्हॅलेटाला कुणीच व्हॅलेटा म्हणत नाही, इल-बेल्ट म्हणतात, म्हणजे नुसतं शहर. बसमध्ये कुणी ते म्हणालं तर घाबरू नका.

सेंट जॉन्स, आणि तिथे नेमकं काय बघायचं

जेवण झालं की लगेच सेंट जॉन्सला जा, उशीर केलात तर शेवटचा प्रवेश चुकतो. बाहेरून हे चर्च अगदी साधं आहे, गोदामासारखं म्हणा, कारण गिरोलामो कस्सार या माल्टी स्थापत्यकाराने ते बांधलं तेव्हा, १५७२ ते १५७७, लढाईची आठवण ताजी होती आणि शहर म्हणजे मुळात छावणी होती. आतलं सोनं नंतरच्या शंभर वर्षांत चढलं. दारातून आत पाऊल टाकताच माणूस थांबतो. छतभर मात्तिया प्रेतीने १६६१ पासून पाच-सहा वर्षं खपून रंगवलेलं योहानचं, म्हणजे ज्याच्या नावाचं हे चर्च त्या सेंट जॉनचं आयुष्य, भिंतींवर कोरलेल्या दगडावर सोनं, आणि खाली बघाल तर पाय कुठे ठेवावा कळत नाही कारण सगळी फरशी म्हणजे नाईटांच्या थडग्यांच्या रंगीत संगमरवरी शिळा आहेत, चारशेच्या आसपास. सांगाडे, वाळूची घड्याळं, मुकुट, तोफा, सगळं दगडात दगड बसवून. ऑडिओ गाईड सगळं ऐकायला लागलात तर दोन तास जातील, मी म्हणेन अर्धा वेळ छताला आणि फरशीला द्या आणि अर्धा ओरेटरीसाठी, म्हणजे चर्चला जोडलेल्या प्रार्थनागृहासाठी राखून ठेवा.

ओरेटरीत काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं चित्र आहे, योहानचा शिरच्छेद, १६०८ चं. त्याने काढलेलं सगळ्यात मोठं चित्र आणि सही केलेलं एकमेव. सही कुठे आहे ते शोधा, मानेतून सांडलेल्या रक्तात त्याने बोटाने ओढल्यासारखं नाव लिहिलंय. रोममध्ये एका माणसाचा खून करून तो पळालेला होता, इथे आला, जुलै १६०८ मध्ये त्याला नाईट करून घेतलं, आणि थोड्याच दिवसांत मारामारीत अडकून सेंट अँजेलोत कैद झाला. सकाळी ज्या किल्ल्यावर उभे होतात तोच. तिथून ऑक्टोबरमध्ये पळाला. १ डिसेंबरला नाईटांची सभा भरली आणि त्याला संघटनेतून काढून टाकलं, तो हजर नसताना, आणि सभा भरली होती याच ओरेटरीत, त्याच्याच या चित्रासमोर. बिर्गू आधी बघून आलेल्या माणसाला हे ऐकताना पाण्यापलीकडचा तो किल्ला डोळ्यांसमोर दिसत असतो. गर्दी असेल तर मागच्या बाकावर बसा, एक ग्रुप जाऊन दुसरा येईपर्यंत दोन मिनिटं शांत मिळतात, तेवढ्यात चित्राचा उजवा रिकामा भाग बघा, तुरुंगाच्या खिडकीतून बघणारे दोन कैदी. मला त्या दोघांच्या माना बघूनच कसंतरी होतं.

ला व्हॅलेटची कबर याच चर्चच्या तळघरात आहे. शहर पूर्ण होण्याआधीच, १५६८ मध्ये, तो गेला. पहिल्या दिवसाला एवढं पुरे.

दुसरा दिवस: शहर

आज गेटमधून आत या, आता हक्काने. गेट आणि आतली संसदेची इमारत रेन्झो पियानो या इटालियन आर्किटेक्टची, २०१५ च्या सुमाराची, आणि शेजारी नुसते खांब उभे दिसतात ते ब्रिटिशकालीन ऑपेरा हाउस, ७ एप्रिल १९४२ च्या बाँबहल्ल्यात कोसळलेलं. ते परत बांधलं नाही, त्या अवशेषांतच आता उघडं नाट्यगृह केलंय. नव्या दगडाच्या इमारतीवर लोकांचे वाद आहेत, मला स्वतःला आवडते, त्याच खाणीतल्यासारखा पिवळा दगड वापरलाय. हा दगड आपल्या जांभ्यासारखा, काढताना मऊ, उघड्यावर ठेवला की टणक होतो.

रस्ते इतके सरळ आणि काटकोनात का, हे नवीन माणूस हमखास विचारतो. पोपने पाठवलेला इंजिनियर लापारेल्ली याने आधी कागदावर आखून मग शहर उभं केलं, समुद्राचा वारा आरपार जावा आणि सैन्य पटकन तटावर पोचावं म्हणून. घर बांधणाऱ्यांना नियम होते, प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं हवंच. या बेटावर नदी नाही. आपल्या गडांवर आधी टाकी खोदायची आणि मग वाडे बांधायचे, तीच अक्कल. आणि कोपऱ्यावरचं घर असेल तर त्याचा कोपरा सजवायचा, म्हणून चालताना वर बघत चला, प्रत्येक नाक्यावर एखादा संत उभा असतो.

रिपब्लिक स्ट्रीटने पुढे गेलं की लायब्ररीसमोरच्या चौकात व्हिक्टोरिया राणी बसलेली दिसेल, तिच्या अंगावरची शाल माल्टाच्या लेसची कोरलीये. चौकात कॉफी महाग, बसायचंच तर बसा. त्याला लागून ग्रँडमास्टरचा राजवाडा. इथे तुमच्या कालच्या पायपिटीचं फळ मिळतं. सिंहासनाच्या दालनात भिंतीवर वरच्या बाजूला वेढ्याची बारा चित्रं आहेत, पेरेझ दालेच्चोने वेढ्यानंतर दहा-पंधरा वर्षांत काढलेली. जे सरळ इथे येतात त्यांना ती नुसती घोडे-जहाजं-धूर अशी दिसतात आणि ते पुढे जातात. तुम्ही मात्र बोट दाखवाल, हा सेंट अँजेलो, ही साखळीची खाडी, हा इस्ला, आणि हा मोकळा खडक जिथे आत्ता आपण उभे आहोत. दादाने एका चित्रापुढे एवढा वेळ लावला की मला त्याला ओढून न्यावं लागलं. इथल्या शस्त्रागारात चिलखतं आणि तुर्कांकडून घेतलेल्या वस्तू आहेत, आवड असेल तर एक तास, नसेल तर पंधरा मिनिटं.

तिथून रस्ता उताराला लागतो आणि टोकाला सेंट एल्मो. वाटेत मॅन्युएल थिएटर आहे, १७३१ चं, अजून चालू आहे, लाकडी सज्जे छान, पण तालमी नसतील तरच बघायला मिळतं. सेंट एल्मोच्या आत युद्ध संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातलं ग्लॅडिएटर जातीचं फेथ नावाचं लढाऊ विमान, आणि एप्रिल १९४२ मध्ये ब्रिटनच्या राजाने सगळ्या बेटाला मिळून दिलेला जॉर्ज क्रॉस हा शौर्याचा सन्मान, माल्टाच्या झेंड्यावर कोपऱ्यात दिसतो तो हाच. तेव्हा बेटावर अन्न आणि इंधन संपत आलं होतं. १५ ऑगस्टला ओहायो नावाचं तेलाचं जहाज, बाँब लागून बुडायला आलेलं, दोन बाजूंना दोन युद्धनौका बांधून अक्षरशः उचलून धरल्यासारखं या बंदरात आणलं. आमच्या होममधले ते बिर्गूचे आजोबा तेव्हा लहान होते, वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ते बघितलंय. गर्दीतली कितीतरी माणसं रडत होती म्हणतात. तारीख सांगतानाही त्यांचा आवाज बदलतो.

किल्ल्याजवळच नाईटांचं जुनं हॉस्पिटल आहे, साक्रा इन्फर्मेरिया. आता तिथे परिषदा भरतात, त्यामुळे उघडं असेल तर बघा. मोठा वॉर्ड एका सरळ रेषेत १५५ मीटर लांब, आणि रोग्यांना जेवण चांदीच्या ताटात, चांदी स्वच्छ राहते म्हणून. ती चांदी १७९८ मध्ये नेपोलियनच्या लोकांनी वितळवायला नेली. इथे नर्सिंगला आलेल्या आपल्या मुलींना मी हे मुद्दाम दाखवते, ज्या बेटावर तुम्ही ड्युटी करता तिथे रोग्याची सेवा हे चारशे वर्षांपूर्वी सरदारांचं काम होतं, ते स्वतः वाढायचे.

एकच दिवस असेल तर

राजवाडा, शस्त्रागार, थिएटर सोडा. सकाळी बिर्गूत फक्त इन्क्विझिटरचा वाडा आणि सेंट अँजेलो, बाराची तोफ, डायसा, सेंट जॉन्स, आणि मग चालत सेंट एल्मोपर्यंत जाऊन बाहेरूनच बघा. होडीत काटकसर करू नका, काहीही झालं तरी पाण्यावरूनच ओलांडा. गुडघे दुखणारी माणसं सोबत असतील तर व्हॅलेटात रिपब्लिक स्ट्रीट आणि मर्चंट्स स्ट्रीट हेच दोन बऱ्यापैकी सपाट रस्ते धरा, आडव्या गल्ल्यांमध्ये शिरू नका, उतरताना बरं वाटतं आणि मग परत चढायचं असतं.

तारखा जुळत असतील तर ३१ मार्च किंवा ८ सप्टेंबरला या, त्या दिवशी बंदरात गावागावांच्या होड्यांच्या शर्यती असतात आणि बिर्गू, इस्ला, बोर्मला अक्षरशः वेडी होतात, जागा धरायला दुपारी लवकर जा. नाहीतर कुठल्याही संध्याकाळी लोअर बराक्का बागेत जाऊन बसा, वरच्या बागेपेक्षा गर्दी निम्मी असते. सूर्य मागून येतो आणि समोरच्या बिर्गूचा दगड मधासारखा होतो. मी कामावरून सुटल्यावर कधीकधी तिथे जाते आणि आजोबांसाठी त्यांच्या घराच्या बाजूचा एक फोटो काढून नेते. परतीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळीच धक्क्यावरच्या बोर्डावर बघून ठेवा, हिवाळ्यात ती लवकर सुटते.